इंजिनावरची काजळी

दुबईकडच्या फुजैरात आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारा गोरा राहायचा. नाव मी कधी विचारलं नाही. दुपारी त्याचा डबा पोचवायची, एवढीच ओळख. त्या दिवशी समुद्र खवळलेला. माझा पोरगा जहाजांना तेल भरणाऱ्या बोटीवर कामाला. काल यायचा तो आला नव्हता, फोनही लागेना. तरी डबा घेऊन गेले.

म्हाताऱ्याच्या टेबलावर त्याच्या मुलखातली जुनी कोळशाची आगगाडी मांडलेली. स्टेशन, बोगदा, कोळशाचे ढीग, सगळं इवलं इवलं. हातात नवंकोरं हिरवं इंजिन, आणि बारीक ब्रशानं तो त्याला काळं फासत होता. मध्येच फुंकर मारायचा, चष्मा वर करून बघायचा, परत फासायचा.

"साहेब, अच्छा इंजिन क्यूं गंदा करता?" मी न राहवून विचारलं.

मान वर न करता, इथं राहून शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, साफ इंजिन दुकान में रहता. जो काम करके घर आता, वो काला आता."

'घर आता' ऐकलं आणि डबा ठेवून तशीच निघाले. खाली येऊन दार उघडं टाकून बसले. जिन्यात पाऊल वाजलं की उठायची, दुसराच कोणी निघायचा.

संध्याकाळी पोरगा आला. बोटीचं इंजिन बंद पडलं होतं म्हणे. डोक्यापासून पायापर्यंत तेलानं माखलेला. एरवी मी त्याला उंबऱ्याबाहेरच ओरडायची, "कपडे काढ आधी!" आज तोच म्हणाला, "आई, थांब, फरशीला डाग पडतील."

"पडू दे," म्हटलं, आणि तसाच त्याला आत घेतला.