दहा दिवस थांबा

हसनाबादहून पुण्याला परत निघाले तेव्हा, आई, तू भरलेल्या जीपमध्ये डोकं घालून ड्रायव्हरला म्हणालीस, "हळू चालव रे बाबा, पोरीला दिवस गेलेत." जेमतेम सहा आठवडे झाले होते. तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हे तूच मला बजावलं होतंस. पण राजूरपर्यंतचे खड्डे आठवले आणि तुला राहवलं नाही. जीपमधल्या सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

पुण्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तारखा चुकल्या असतील. दहा दिवस थांबा." ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत. ऑफिसात मीटिंगमध्ये हो-हो म्हणायचे आणि तासातासाला बाथरूममध्ये जाऊन डाग पडलाय का बघायचे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला माझं आडनावसुद्धा धड माहीत नाही. तेच बरं वाटायचं.

कारण ठोक्यांचं मी फक्त तुला सांगितलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या शेजारच्या कमलकाकूचा फोन आला. "पयल्या तीन महिन्यात कुनी एवढ्या लांब जातं का? नोकरी मोठी का लेकरू?" तुला जाब विचारला तर तू म्हणालीस, "मंग काय झालं? आपलीच मानसं हायेत."

दुसऱ्या वेळीही ठोके नव्हते. "प्रवासानं, कामानं असं होत नाही," डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. मला पटेना. काकू डोक्यात ठाण मांडून बसली होती. आपोआप होण्याची वाट बघा, गोळ्या घ्या, नाहीतर पिशवी साफ करू, असे तीन रस्ते डॉक्टरबाईंनी सांगितले. तुझा जावई सुनील म्हणाला, "तू ठरव." लग्न, नोकरी, गाव सोडणं, सगळं घरच्यांनी ठरवलं. मला ठरवायला मिळालं ते हे.

सोमवारी गोळ्या घेणार आहे. तू म्हणतेस, गावाकडं ये, पंधरा दिवस पडून राहा. मी येणार नाही. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला पोट का रिकामं झालं ते मी सांगत बसणार नाही. तुझ्यावर राग आहे, अजून बरेच दिवस राहील. तरी रविवारच्या गाडीने ये. गावात कुणी विचारलं तर लेकीला ताप आलाय म्हण. मला सध्या माहेर नकोय, आई. तू हवीयेस.