बोंडअळीची कॅसेट

जर्मनीतल्या माझ्या लाडक्या बँडची कॅसेट समजून मी माझ्या मैत्रिणीला बोंडअळीच्या फवारणीची कॅसेट पाठवली. हा मूर्खपणा मी चाळिशी ओलांडल्यावर, डोळ्यांवर चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत केला. शनिवारी सकाळची अकोला गाडी गाठायची घाई होती, टेपजवळ दोन सारख्याच काळ्या कॅसेटी पडल्या होत्या आणि स्वतःवर नको तेवढा विश्वास होता. डबीवरचा कागद वाचला, आत काय आहे ते पाहिलं नाही.

बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की नातवंडं मोबाइलवर लावतात आणि दोन मिनिटांत विचारतात, "आजी, गाणं सुरू कधी होणार?" गाणं सुरूच असतं, हे त्यांना सांगून उपयोग नाही. वीस मिनिटं एकच ठेका. गिटार वाजते पण कुठे जायची घाई करत नाही. मधेच रेडिओची खरखर, कुणी पत्रा ओढत न्यावा तसा आवाज, आणि एक माणूस काहीतरी पुटपुटतो. ते जर्मन आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही.

ती कॅसेट आली मैत्रिणीकडूनच. आम्ही दोघी अमरावतीला एका बाकावर शिकलो. ती लग्न होऊन अकोल्याला गेली, मी अमरावतीतच एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. तिचा नवरा सूतगिरणीत फिटर. तिथे नवी यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता, त्यानं जाताना ही कॅसेट त्याला भेट दिली. तिनं ती मला दिली आणि म्हणाली, "तुले असं येडंवाकडं आवडते, पाय बरं ऐकून."

मी ऐकली. तेव्हा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हात त्या ठेक्यावर चालायला लागले आणि शेंगा संपल्या तरी बोटं चालूच. नवरा आतून येऊन म्हणाला, "का वं, टेपात पिठाची चक्की अडकली का?" मी त्याला हातानंच गप्प बसवलं. त्या दिवसापासून मी वेडी झाले. वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात सापडलं, की जगातल्या कितीतरी बँडांनी म्हणे यांचंच पाहून शिकून घेतलं. मग तर माझा पाय जमिनीवर ठरेना. शिक्षकांच्या खोलीत मी "त्या जर्मन लोकांचं" असं म्हणताच माणसं वह्या तपासायला उठत.

राहिली मैत्रीण. तिला मी ती कॅसेट परत पाठवली, सोबत चार पानांची चिठ्ठी. तिचं उत्तर आलं, "खरंच गं, काय ठेका आहे!" झालं. सगळ्या वऱ्हाडात हे कळणाऱ्या आम्ही दोघीच, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

दुकानात कॅसेटची नक्कल सहज करून मिळायची. तिनं तसं सुचवलंही. पण मीच म्हणाले, नको, एकच राहू दे, म्हणजे पाठवापाठवी राहील. एका शनिवारी कॅसेट अमरावतीहून अकोल्याला, पुढच्या शनिवारी अकोल्याहून अमरावतीला. जुन्या साडीच्या कापडात शिवलेलं पुडकं, वर तिचं नाव, आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली. एक मूर्तिजापूरचे चाचा होते, ते पुडकं आपल्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवत. "बाई, हे इतके साल काय पाठवून राहिल्या तुमी? मिठाई असन तं एखादा टुकडा आमाले बी द्या." मैत्रीण अकोल्याच्या स्टँडवर येऊन घेऊन जायची. घरचा पत्ता लिहायची कधी गरजच पडली नाही. ही गोष्ट पुढे माझ्या अंगाशी आली.

अशी सहा वर्षं गेली. तिच्या चिठ्ठीत वरच्या चार ओळी कॅसेटबद्दल असत. त्या मी दाराशीच उभी राहून वाचायची आणि दिवसभर खुशीत असायची. खाली तिचं घरचं काहीबाही असे. ते मी निवांत वाचू म्हणून ठेवून द्यायची. निवांतपणा काही यायचा नाही.

आता बोंडअळीकडे येते. ती कापसाची वाईट वर्षं होती. अळी औषधाला जुमानत नव्हती आणि माझा नवरा शेतीखात्यात. खात्यानं फवारणीच्या सूचना कॅसेटवर भरून दिल्या होत्या, त्या जीपवर भोंगा लावून गावोगाव वाजवायच्या. सोमवारी संध्याकाळी तो चांदूर बाजारकडून आला, बूट न काढता खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काई नाई. पारापाशी जीप उभी केली, माणसं जमा केली, अन् कॅसेट लावली."

"मग?"

"मंग काय. धुडधुड धुडधुड. मले वाटलं भोंगा बिघडला, म्हणून मी वायरी पायत बसलो. लोक बिचारे दहा मिन्टं चुपचाप ऐकत होते. शेवटी एक म्हातारा उठून म्हणते, साहेब, सारं बराबर आहे, पन औषध केव्हा मारायचं ते केव्हा सांगते हा?"

मी पोट धरून हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. मग लक्षात आलं, की म्हणजे बोंडअळी अकोल्याला गेली. आता शनिवारी काय चिठ्ठी येते त्याची मी वाटच पाहत बसले. ती लिहील, बाई, तुझ्या जर्मनांना कपाशीची इतकी माहिती कुठून?

शनिवारी पुडकं आलं. चिठ्ठीच्या वरच्या चार ओळी मला अजून पाठ आहेत. "या वेळी दुसरी बाजू जास्तच आवडली. तो ठेका ऐकला की दुसरं काही सुचत नाही. शेवटी सगळं कसं हळूहळू शांत होत जातं. डोळ्यांत पाणी आलं."

त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला पंपाचं नोझल कसं धुवावं ते होतं.

हसू आलं नाही. आधी वाटलं, ती माझी थट्टा करते आहे. मग ट्रंकेतून सहा वर्षांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि जमिनीवर मांडल्या. प्रत्येकीच्या वरच्या चार ओळी वाचल्या. ती सगळी माझीच वाक्यं होती. मी लिहिलं होतं "पत्रा ओढल्यासारखा आवाज काळजात जातो", आठ दिवसांनी तिनं लिहिलं होतं "तो पत्र्याचा आवाज काळजाला लागतो." जुना ब्लाउज उसवून, उलटा करून पुन्हा शिवावा तसं. मी सहा वर्षं माझंच कौतुक करून घेत होते, आणि तेही टपालखर्चाशिवाय. खालचा मजकूर तेव्हाही वाचला नाही. मला पुरावा हवा होता, तो वरच्या ओळींतच मिळाला होता.

ज्या गावात कुणीच ऐकत नाही तिथे एकटं ऐकायची सवय होते. पण एकीला कळतं असं समजून सहा वर्षं ऐकलं आणि ती नव्हतीच, याला काय म्हणायचं? त्या पारावरच्या म्हाताऱ्यानं निदान दहा मिनिटं तरी दिली होती. आज नातवंडं आहेत, गुडघे गेलेत, तरी तो राग पुरता गेलेला नाही.

रविवारी पहिल्या गाडीनं अकोल्याला गेले. चाचाच होते. पुडकं न देता चढताना पाहून म्हणाले, "आज पुडकं नाई, खुद पार्सल?" मी खिडकीशी जाऊन बसले. बोरगाव मंजूपर्यंत भांडणाची वाक्यं जुळवत होते.

गिरणीजवळच्या तिच्या खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई भांडी घासत होती. ती म्हणाली, "थे तं पोळ्याच्या पयलेच खोली सोडून गेले. गिरणी बंद पडली ना उन्हाळ्यात. तिचा नवरा कामासाठी सुरतेले गेला. तुमाले नाई सांगतलं तिनं?"

मी म्हटलं, "सांगतलं असन."

उन्हाळ्यातच मी तिला लिहिलं होतं, की हा ठेका नीट ऐक, तुझ्या नवऱ्याची गिरणी रात्रंदिवस चालते ना, अगदी तसाच आहे. तीन पानं त्यावरच होती.

तिनं सांगितलेल्या पत्त्यावर, रिक्षा करून जुन्या शहरात गेले. एक खोली, दाराशी शिलाई मशीन, ती साडीला फॉल लावत बसली होती. मला पाहून तिनं सुई तशीच कापडात खोचली आणि पाणी दिलं. भिंतीवरच्या फळीवर टेपखालचं जाळीचं कापड होतं, टेप नव्हता. तिनं माझी नजर पाहिली. "त्यायनं नेला सुरतेले," एवढंच म्हणाली. जुळवून आणलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे, पण राग होता. पिशवीतून कॅसेट काढून तिच्या मशीनवर ठेवली.

"हे गाणं नोहे, फवारणी आहे," मी म्हटलं. "सहा वर्सं तू मले फशिवलं."

तिनं कॅसेट उचलली, उलटी-सुलटी केली, आणि पुन्हा होती तिथेच ठेवली. मग म्हणाली:

"नाई ऐकली मी, खरं आहे. पन तुयी चिठ्ठी मी स्टँडवरच उभी राहून पुरी वाचत होती. तू मायी कुठंवर वाचत होती, थे सांग."