साहेबांचा दुसरा कप

"कशाचा? कशाचा गॅस म्हणालात?" साहेब ओरडले तेव्हा त्यांच्या तोंडात चहा होता. अर्धा घोट माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर आला, उरलेला नरड्यात अडकून त्यांना काळानिळा करून गेला.

लातूर जिल्हा तेव्हा इतका नवा, की कचेरीतल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. साहेबांवरचंही नव्हतं. मी मूळ नांदेडचा, गोदाकाठचा, म्हणजे पाणी डोळ्यांनी पाहिलेला माणूस. आणि रेक्टर झालो ते रेणापूरकडच्या वसतिगृहात. दुष्काळ असा, की चिमण्या आमच्या नळाला चोच लावून शिव्या देऊन जायच्या. संडासाचं, न्हाणीचं, खरकट्याचं पाणी आम्ही बंद टाकीत सोडायचो आणि तिच्यातून निघणाऱ्या गॅसवर सगळ्या पोरांचा स्वयंपाक व्हायचा. उन्हानं आमची चिपाडं झाली होती, पण टाकीतल्या जंतूंना तेच ऊन मानवलं. त्या साली मराठवाड्यात अंग धरलं ते तेवढ्यांनीच. पण पाणी त्यांनाही लागायचं आणि पोरांनाही. टँकरची रोजची खेप मंजूर झाली नाही, तर वसतिगृहाला कुलूप आणि पोरं घरी. मंजुरी साहेबांच्या सहीत होती.

साहेब येणार म्हणून कचेरीनं आधी काय धाडलं? पाणी? छ्या. फिनेलचा डबा. टाकीत ओता, साहेबांना वास नको. ओतलं असतं तर जंतू मेले असते आणि शेगडी विझली असती. मी ते साहेबांच्या खुर्चीभोवती शिंपडलं. औषध दुखण्याजवळ लावावं.

साहेबांनी फीत कापली, निळी ज्योत पाहिली, टाळ्या घेतल्या आणि भाषण ठोकलं. गोमातेपासून निघाले ते गोमातेवरच थांबले. आवारात आमच्या शेळीसुद्धा नव्हती. मग एका हातात चहा, दुसऱ्या हातात मंजुरीसाठी पेन, आणि मला म्हणतात, एवढं शेण आणता कुठून. मी सांगितलं कुठून.

तिथंच ते ओरडले. पेन खिशात गेलं. पुढं मला जे बोलले ते इथं लिहिलं, तर कागद फिनेलनं पुसावा लागेल. बरोबरच्या अधिकाऱ्यांनी आपापले कप जमिनीवर ठेवले आणि विंचू बघावा तसे बघत उभे राहिले. ज्योतीला टाळ्या वाजवणारे हात तेच.

स्वयंपाकघराच्या दारातून आमची स्वयंपाकीण मावशी बोलली. "साहेब, तुमचा चहा लाकडावरचा हाय. पाव्हण्याला आम्ही गॅसवरचं देत न्हाई."

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. "बघा," मला म्हणाले, "या बाईला कळतं. तुम्हाला नाही कळत." दुसरा कप मागवला, बशीत ओतून फुर्रकन ओढला, आणि लाकडाच्या धुराची चव गॅसच्या चहाला कधीच यायची नाही, हेही आम्हाला समजावून सांगितलं. अधिकाऱ्यांनीही कप उचलले. त्यांनाही धूर लागला. मग टँकरवर सही झाली आणि खाली शेरा पडला, गॅसचा प्रकल्प अनुकरणीय.

जीप गेली. मावशी कप विसळून पाणी टाकीच्या नालीत सोडत होती. मी विचारलं, या दुष्काळात लाकडं आणली कुठून?

"कुठली लाकडं?"