करंजघरची चौथी खूण

मुलांनो, जरा माझ्यासोबत डोळे मिटा. पूर्ण नको, पापण्यांतून थोडा उजेड आत येऊ दे. दुपारचे अडीच वाजले आहेत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंखा हळू फिरतो आहे, आणि तुमच्यासमोर जेवणाच्या टेबलाएवढी एक करडी पाटी आहे. तिला डिजिटायझर म्हणतात. पाटीच्या पोटात बारीक तारांची जाळी आहे. वर एक जुना कागदी नकाशा चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ताणून बसवला आहे. तुमच्या हातात एक पक आहे, संगणकाच्या माउससारखा, फक्त पुढे गोल भिंग आणि भिंगात केसाएवढ्या रेघांची फुली. ती फुली नकाशावरच्या शिवेच्या दगडावर आणायची, एक नंबरचं बटण दाबायचं आणि संगणकाला सांगायचं, हा दगड खऱ्या जमिनीवर अमुक ठिकाणी आहे. अशा खुणा दिल्या की कागद जमिनीवर बसतो. चुकलात तर दोन नंबरचं बटण. त्याने खूण परत घेता येते.

दिसलं सगळं? मग हेही समजा, की मी जेवून आले आहे, माझं वय पासष्ट आहे, आणि पकवर हात ठेवल्याठेवल्या माझी मान कलते आहे.

"घोलप, डावीकडची पट्टी सैल आहे."

मी पट्टी दाबते. मग लक्षात येतं, की हा आवाज मिराशीसरांचा आहे. सरांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते पाटीच्या पलीकडे उभे आहेत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेन्सिली. मोजणीच्या कचेरीत मी तेवीस वर्षांची असताना लागले, तेव्हा याच पाटीवर त्यांनी मला शिकवलं. पुढे कचेरीने ती भंगारात काढली आणि मी तुमच्यासाठी मागून आणली.

"वायर नीट बसलीय?"

"बसलीय सर."

"संगणकाला पाटीची लांबी-रुंदी सांगितलीस? की त्याला अंदाजाने कळेल?"

"सांगितली."

"मग खुणा किती घेणार?"

"चार."

"तीन का नको?"

हा प्रश्न ते प्रत्येक नव्या माणसाला विचारत. मी उत्तर देते, जसं गेली कित्येक वर्षं तुम्हाला देते आहे. "तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, सर. जमीन वाकडी असली तरी. तीन खुणांवर संगणक कुठलाही कागद ओढूनताणून बसवतो आणि चूक शून्य दाखवतो. चौथी खूण दिली, की काही खोटं असेल तर ते हलायला लागतं."

"शाबास. पोरांनाही हेच शिकवतेस ना?"

"हेच शिकवते. म्हणून तर सापडलं त्यांना."

सर पेन्सिल खिशातून काढतात आणि परत ठेवतात. आता आम्ही कचेरीच्या लांब दालनात आहोत. सगळ्या टेबलांवर नकाशे पसरले आहेत आणि एकाही खुर्चीवर माणूस नाही. खिडक्यांच्या बाहेर भिंतींऐवजी उतार आहे, गवताचा.

"काय सापडलं?" ते विचारतात.

"करंजघरचा नकाशा, सर. धरणाच्या वेळचा. गेल्या आठवड्यात रुजुता धनावडेने पाटीवर लावला. बारा वर्षांची आहे. कोपऱ्यात तिला पेन्सिलीचं एक वर्तुळ दिसलं, खोडरबराने पुसलेलं. म्हणाली, बाई, इथे चौथी खूण होती. कुणी काढली? आणि ही सही कुणाची?"

"पोरगी बारीक नजरेची आहे."

"काल रविवारी मुलं चारही दगडांपाशी जाऊन आली. फोनवर आकडे घेतले. तिसऱ्या दगडाचा आपल्या कचेरीतला आकडा चुकीचा होता. तो आकडा धरला, की वरच्या वाडीची सहा घरं कागदावर उताराने खाली येतात, थेट निळ्या रेषेच्या आत."

मुलांनो, निळी रेषा म्हणजे धरणाचं पाणी जिथवर चढणार तिथवरची रेषा. आतल्या घरांना उठावं लागतं. ती सहा घरं उठली. रुजुताची आजी त्यांतल्याच एका घरातली. पाणी तिच्या ओट्यापर्यंत कधी आलंच नाही.

सर चालू लागतात आणि मी मागे. पायाखाली कागद आहे. तो इतका मोठा झाला आहे, की चिकटपट्टी बाजूने पांढऱ्या रस्त्यासारखी जाते आहे. तारांची जाळी खालून वर आली आहे, शेताच्या बांधांसारखी, आणि आम्ही एकेक बांध ओलांडतो आहोत. वर वाडी दिसते. घरांना छपरं नाहीत, पण चुली पेटलेल्या आहेत.

"चार खुणांवर चूक किती येत होती, आठवतं तुम्हाला?" मी विचारते.

"अडतीस मीटर."

ते इतक्या पटकन सांगतात, की मी थांबते. मला वाटत होतं ते म्हणतील, आठवत नाही. किंवा म्हणतील, खूण पुसली गेली असेल, कागद जुना होता. काल रात्रभर मी त्यांच्यासाठी अशी उत्तरं शोधून ठेवली होती.

"म्हणजे चारांपैकी एक दगड खोटं बोलतोय हे तुम्हाला कळलं होतं."

"कोणता, ते कळत नव्हतं. त्यासाठी परत डोंगर चढायला हवा होता. माझे गुडघे तुला माहीत आहेत. आणि फाइल शनिवारी जायची होती."

"मी चढले असते."

"हो, तू चढली असतीस."

"मग सांगितलं का नाही?"

सर एका दगडावर बसतात. तोच तो, चौथा, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला. पक त्यांच्या हातात आहे आणि त्याची वायर उतारावरून खाली पाण्यात गेली आहे.

"दोन नंबर दाबलं," ते म्हणतात, "आणि चूक शून्य झाली. किती स्वच्छ दिसतं शून्य, घोलप. बाहेर येऊन तुला म्हटलं, नकाशा बसला, सही कर."

"मी केली."

"तू विचारलंही नाहीस, खुणा किती."

"तुम्हाला विचारायचं, सर? तुम्हाला?"

खाली पाणी अगदी स्थिर आहे, वाडीपासून खूप खाली. मला रडू येत नाही. मला फक्त वाटतं, की ज्या माणसाने मला उभं राहायला शिकवलं, त्यानेच माझ्या पायाखालचा कागद सरकवून ठेवला होता, आणि मी त्याच्यावर उभी राहून इतकी वर्षं मुलांना धडे दिले.

"तुम्ही सही करू शकला असता. आखणाऱ्याच्या रकान्यात माझीच का?"

"माझी निवृत्ती तीन महिन्यांवर होती. तुला विचारलं असतं कुणी, तर तुझं वय होतं चुका करायचं." मग ते म्हणतात, "सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस."

हे ते कौतुकाने म्हणतात. तेच मला सगळ्यांत जास्त लागतं.

"आता जाऊ दे," सर म्हणतात. "त्या सह्या कुणाला वाचता येत नाहीत. पोरीला सांग, जुने लोक होते, चुकले." ते पक माझ्याकडे सरकवतात. त्यांचा अंगठा दोन नंबरच्या बटणावर आहे. "हा प्रश्न परत घे. मीही जातो."

मी पक धरते. ते सोडत नाहीत. त्यांचा हात थंड नाही, मेलेल्या माणसाचा वाटत नाही, खडू हाताळणाऱ्याचा कोरडा हात असतो तसा आहे. मी ओढते, तेही ओढतात. शेवटी मी मूठ आवळते, बटण मुठीतच राहतं, न दाबलेलं.

आणि पंखा फिरतो आहे. खोली तीच आहे. माझा उजवा हात पाटीवर आहे आणि मूठ पकभोवती इतकी घट्ट, की बोटं एकेक करून सोडवावी लागतात. तळव्यात भिंगाचा गोल उमटला आहे. लाल, खोल, आणि बरोबर मध्ये केसाएवढी फुली. भिंगातल्या रेघा काचेच्या आत आहेत, मुलांनो. त्या हाताला लागत नाहीत. मी कितीदा तरी हात पुसून पाहते.

दारात चपला वाजतात. रुजुता. वर्गाला अजून वेळ आहे.

"झोपला होता, बाई?"

"डोळा लागला."

"बघितलं का? सही कुणाची आहे ती?"

मी मूठ मिटते. जुने लोक होते, एवढं म्हटलं की पुरे. ती विश्वास ठेवेल. ती माझ्यावर नेहमीच ठेवते.

"माझी," मी म्हणते.

ती हसते, मी गंमत करते आहे असं समजून. मग हसणं थांबवते.

"चौथी खूण माझ्या सरांनी काढली. पण सही माझी आहे. मी खुणा मोजल्या नाहीत."

"तुम्ही आम्हाला रोज विचारता," ती म्हणते, "चौथी घेतली का."

"हो."

"आजी अजून म्हणते, सरकारने मोजलंय तर बरोबरच असणार."

तिच्या आजीकडे मला जावं लागेल, हे मी तिला सांगते. ती खांद्यावरचं दप्तर खाली ठेवते. करंजघरचा नकाशा पट्ट्या काढून सोडवते, न फाटेल इतक्या हळू, मी शिकवलं तसं. त्याची गुंडाळी करून बाजूला ठेवते.

मग ती कपाटापाशी जाते. तिथे कचेरीतून आलेले जुने नकाशे आहेत, एकोणीस. ती प्रत्येकाचा खालचा कोपरा उलगडून पाहते, सही शोधत. माझ्या सहीचे वेगळे काढते. सात निघतात. त्यांतला पहिला ती पाटीवर पसरते, चारही कोपऱ्यांना पट्टी लावते, आणि माझ्याकडे न बघता पकसाठी हात पुढे करते.