गाडी चालू आहे तोवर

जुनी गाडी घरीच खोलायची सवय लागली की दोन गोष्टी साचत जातात. एक म्हणजे नट. गाडी खोलून परत जोडली की दर वेळी एखादा नट उरतोच, आणि गाडी त्याच्याशिवायही चालते. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. नट मी तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकत गेलो. किस्से टाकायला कुठं डबा नव्हता, म्हणून तुम्हाला सांगतो.

आमची वस्ती इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या अंगाला. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून शेती धरली आणि दौंडच्या एका रेल्वेवाल्याकडून जुनी मोटारसायकल आणली. पहिल्या दिवशी ती पहिल्या किकला चालू झाली. दुसऱ्या दिवशी झाली नाही. मी आठवीत शाळा सोडून घरीच होतो, त्यामुळं ती माझ्या वाट्याला आली.

पुढं माझी धाकटी बहीण संगी दहावी पास झाली. कॉलेज शिरूरला. एसटी न्हावऱ्याच्या फाट्यावरून, आणि फाटा वस्तीपासून दहा-बारा किलोमीटर. आबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “गाडी येळंवर चालू व्हतीय तवर जा. ज्या दिशी वाटंत अडकून पडशील, त्या दिशी कॉलेज बंद. मंग रडायचं न्हाई.”

आबा कठोर नव्हते. त्यांना त्या सुनसान वाटेची भीती होती. पण त्या दिवसापासून संगीचं शिक्षण माझ्या हातातल्या पान्यावर आलं. माझ्या हातून माझं स्वतःचं झालं नव्हतं, तिचं तरी व्हावं, एवढंच डोक्यात होतं.

* * *

आमचे सल्लागार म्हणजे शेजारच्या वस्तीवरचे बाबूभाई. आम्ही त्यांना बाबूमामा म्हणायचो. पाटसकडं साखर कारखान्यात ते फिटर होते. गळीत हंगाम संपला की मामा घरी मोकळे, आणि मोकळा फिटर गप्प बसत नाही.

एकदा कार्बोरेटर तुंबला. मामा सायकलवरून आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “दत्ता, कारखान्यात ब्रेकडाऊन झालं की आधी काय करत्यात?”

“खोलत्यात.”

“न्हाई. आधी लिवून ठिवत्यात.”

मग गोठ्याच्या मागच्या भिंतीवर मी कोळशानं लिहायला लागलो. दिवस, बिघाड, कारण, उपाय. क्लच वायर तुटली. पॉइंट जळाले. साखळी उतरली. महिन्याभरात भिंत निम्मी भरली. आबांना वाचता येत नव्हतं, पण भिंत तर दिसत होती. एका संध्याकाळी ते तिच्यासमोर उभे राहिले.

“हे काय लिवलंय गं?” त्यांनी संगीला विचारलं.

“अभ्यास हाय आबा. सूत्रं.”

आबांनी वरपासून खालपर्यंत भिंत बघितली. “लई अवघड हाय तुजा अभ्यास. दर आठवड्याला वाढतोय.”

एवढं बोलून ते बैलांकडं गेले. दिवाळीआधी आईनं गोठा सारवायला काढला, तर आबा म्हणाले, “ती मागली भिंत ऱ्हाऊ दे. पोरीचा अभ्यास हाय.”

* * *

मला दुकानात बोलायची लाज वाटते. अजूनही वाटते. शिरूरला स्पेअर पार्टचं एक दुकान होतं. आत गिऱ्हाईक असलं की मी बाहेर थांबायचो. गिऱ्हाईक गेलं की आत जायला पाऊल उचलायचं, तेवढ्यात दुसरं यायचं. पार्टचं नावही मला पक्कं माहीत नसायचं.

एकदा गाडी घरी खोलून पडलेली आणि मी पार्ट आणायला एसटीनं गेलेलो. दुकानासमोर तासभर उभा राहिलो. शेवटी दुकानदारच बाहेर आला. “काय पाव्हणं, बसची वाट बघताय का?”

माझ्या तोंडून निघालं, “व्हय.”

त्यानं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं एक बस आली. “आली बघा तुमची,” म्हणून त्यानंच हात करून थांबवली. आता चढल्याशिवाय इलाज नव्हता. बस नगरची होती.

हे ऐकल्यावर संगी हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, “दादा, तू आणत जाऊ नगंस. मला चित्र काढून दे.”

तेव्हापासून मी पार्टचं चित्र काढून द्यायचो आणि ती कॉलेज सुटल्यावर दुकानात मोठ्यानं बोलून घेऊन यायची. कागद मिळेल तो घ्यायचो. एकदा गडबडीत तिच्या बायोलॉजीच्या वहीच्या पानावर कार्बोरेटर काढला. चांगला मन लावून काढला होता, आतून कापल्यावर दिसतो तसा. ती वही तशीच मॅडमकडं तपासायला गेली.

परत आली तेव्हा चित्राखाली लाल शाईनं लिहिलं होतं: “आकृती उत्तम. भागांना नावे द्या.”

* * *

पावसाळ्याच्या आधी गाडी चढावर मरायला लागली. एअर फिल्टरमधला फोम हातात घेतला तर त्याचा भुगाच झाला. नवा कुठं मिळेना. मी आणि संगीनं आबांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आबा आपणहून गाडीजवळ आले. टाकीला कान लावला. इंजिनखाली तळहात धरला, आजारी मेंढरू बघतात तसा.

“हिला धाप लागलीय. नाकात धूळ गेलीय हिच्या.”

आणि खरंच तेच झालं होतं. त्यांनी घोंगडीसाठी जपून ठेवलेल्या लोकरीतला एक गोळा काढून दिला. “तेलात भिजव, पिळून काढ आन् बसीव तितं.”

बाबूमामांना हसू आलं. “आबा, कारखान्यात लोकर चालत न्हाई.”

“कारखान्यात मेंढरं हायेत का?” आबा म्हणाले.

लोकर बसवली आणि गाडी नव्यासारखी ओढायला लागली. फक्त इंजिन तापलं की मेंढरांचा वास यायचा. आमचा मोती मेंढरांच्या काळातला कुत्रा. म्हातारा झाला होता, दिवसभर बाभळीखाली पडून असायचा. लोकर बसवल्याच्या दुसऱ्या सकाळी वास आला आणि तो उठला. मी आणि संगी फाट्याकडं निघालो तर हा मागं. मी खड्डा चुकवायला कडेला घेतलं की त्या बाजूला येऊन भुंकायचा आणि मला परत वाटेवर आणायचा. वाटेत दोनदा धाप लागून थांबला, आम्हीही त्याच्यासाठी थांबलो. फाट्यापर्यंत त्यानं आम्हाला असंच हाकत नेलं.

तिथं संगी एसटीत चढली. मी गाडी वळवली. मोती मात्र एसटीच्या पुढं जाऊन बसला. कळपातलं एक कमी झालं होतं ना. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कंडक्टर ओरडला, मोती हलेना. शेवटी संगी खाली उतरली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “मी येते संध्याकाळी. तू ह्याला घरी ने.”

त्यानं मला नीट घरी आणलं.

* * *

टाकीत गंज धरला होता. त्याचे कण पेट्रोलच्या कॉकमध्ये अडकायचे आणि गाडी वाटेत बंद पडायची. दोनदा बस थोडक्यात मिळाली. बाबूमामा म्हणाले, “टाकीत बारीक खडे घाल, रॉकेल घाल आन् तासभर हलीव. कारखान्यात ड्रमला मोटर लावत्यात.”

मोटर कुठली? मी नदीतले गोल खडे आणले आणि टाकी दोन्ही हातांनी हलवायला लागलो. पंधरा मिनिटांत दंड भरून आले. आई म्हणाली, “आण हिकडं.” तिनं तुळईला साडीची झोळी बांधली, टाकी तिच्यात घातली आणि भिंतीला टेकून झोका द्यायला लागली. एका हातानं झोका, एका हातानं तांदूळ निवडणं. दहा मिनिटांनी ती सवयीनं गुणगुणायलाही लागली.

तेवढ्यात मळ्याकडची मावशी आली. तिनं दारातनंच आवाज खाली घेतला. “कुणाचं गं लेकरू?”

“दत्ताचं,” आई म्हणाली.

माझं लग्न झालेलं नव्हतं. मावशी माझ्याकडं न बघता तशीच माघारी फिरली. पुढचे आठ दिवस वस्तीवरची सगळी माणसं माझ्याशी जरा जपून बोलत होती.

* * *

आता शेवटचा.

संगी बारावी झाली आणि तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला. मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत पुण्याला, आणि दिवस नेमका खंडेनवमीचा. फाट्यावरची पहिली बस मिळाली तरच वेळेत पोचणार होती. आबा एवढंच म्हणाले, “गाडी नीट बघून ठिव.”

मी आदल्या संध्याकाळी सगळं बघितलं. साखळी, वायरी, पेट्रोल. कसलीच कसर नको म्हणून चांगला चालत असलेला प्लगही काढला, पॉलिश पेपरनं घासला, रॉकेलनं धुतला आणि वाळायला हत्यारांच्या ताटात ठेवला. सकाळी बसवू म्हटलं.

सकाळी उठून मी आधी झेंडूची फुलं आणायला गेलो. संगी तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला ड्रेस घालून, फाईल घेऊन तयार. बाबूमामाही तिला शुभेच्छा द्यायला आले होते. मी किक मारली. परत मारली. सवयीनं हात प्लगवर गेला, तर तिथं नुसतं भोक.

घरात पळालो. आईची पूजा मांडून झाली होती. पाटावर विळा, कुऱ्हाड, खुरपी, माझी हातोडी, सगळे पाने, आणि त्यांच्या मधोमध उभा माझा प्लग. त्याला हळद-कुंकू लावलेलं, वर झेंडूची पाकळी.

“तुज्या ताटात व्हता. लोखंडाचा व्हता,” आई म्हणाली. “मला काय ठावं?”

आमच्यात खंडेनवमीला पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत. त्या दिवशी घरात खुरपंसुद्धा उचलत नाहीत, भाजीही आदल्या दिवशी चिरून ठेवतात. हे आईनं सांगायची गरज नव्हती. मी बाबूमामांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. “कारखान्यात मी बी आज मशीनला हात लावत न्हाई रं,” ते म्हणाले.

आधीचा काढून ठेवलेला प्लग फुटका होता. दुकान शिरूरला. वस्तीवर दुसरी गाडी नाही. संगी उंबऱ्यावर बसली, फाईल मांडीवर ठेवली. “ऱ्हाऊ दे दादा,” असं म्हणाली, आणि ते तिनं इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला तिच्याकडं बघवेना.

आबा शेतातून आले. त्यांनी गाडीकडं बघितलं, संगीकडं बघितलं, मग आत येऊन पाटाकडं बघितलं.

“ह्यातलं काय पायजेल?”

“प्लग.”

“कंचा त्यो?”

मी बोट केलं.

“आन् पाना?”

“हातानं बी आवळता यील. जरा फुसफुसंल, पर जाईल.”

आबांनी हात जोडले, डोळे मिटले. मग प्लग उचलला आणि कुंकवासकट माझ्या तळहातावर ठेवला.

“अवो, जागा मोकळी पडली पूजंत,” आई हलक्या आवाजात म्हणाली.

“मोकळी न्हाई ऱ्हायाची. तू जा रं, बस सुटंल.”

मी प्लग पुसला, फडक्यात धरून हातानं जमेल तेवढा आवळला. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. वाटभर शिट्टीसारखा आवाज येत होता. संगी मागं फाईल छातीशी धरून बसली होती. फाट्यावर पोचलो तेव्हा कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता. संगी पळत जाऊन चढली. मागच्या काचेतून तिनं हात केला.

मी हळूहळू घरी आलो. आत गेलो आणि पाटाकडं बघितलं.

प्लगच्या जागी कातर होती. मेंढरांची लोकर कातरायची, लांब पात्यांची. मेंढरं विकली त्या दिवसापासून ती मी पाहिली नव्हती, दर खंडेनवमीला पाटावर सगळं लोखंड यायचं, ती कधी आली नव्हती. पाती घासून लख्ख केली होती. आईनं तिला हळद-कुंकू लावून वर फूल ठेवलं होतं.

आबा ओसरीवर गंजानं तांबडे झालेले हात धूत बसले होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

“घावली का बस?”

“घावली.”

त्यांनी हात धोतराला पुसले.

“तुजा त्यो पॉलिश पेपर घेतला व्हता,” ते म्हणाले. “समदा संपला.”