सातव्या माळेची खुरपणी

शालूला आमच्या सोसायटीत सगळे सोशिक म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? मी तिच्या समोरच्या दारात राहते आणि भांडी किती जोरात आपटली जातात ते मला रोज ऐकू येतं. कोथरूड सोडून धायरीत आल्याला मला सहा वर्षं झाली. सोशिकपणा तिच्या अंगात मुळीच नव्हता.

आमची इमारत उभी आहे ती जमीन तिच्या सासरचीच. बिल्डरला दिली, बदल्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. नवरा संभाजी कारखान्यात पाळीवर जातो, मुलगी उत्कर्षा लग्न होऊन नागपूरला गेली. दिवसभर घरात दोघीच, शालू आणि तिची सासू वेणूबाई. वेणूबाईंना ब्याऐंशी पूर्ण झाली आणि तीन वर्षांपासून त्यांना काही आठवेनासं झालंय. टँकरचं पाणी पिंपात भरून ठेवावं, तर त्या ते मोरीत ओतून देतात. चहात मीठ घालतात. डाळीच्या डब्यात चप्पल ठेवतात. आणि दिवसातून दहादा शालूला विचारतात, "तू कुणाची गं?" तीस वर्षं एका घरात राबलेल्या सुनेला हे विचारायचं. शालू आधी नाव सांगायची, मग गप्प बसायची, मग पातेलं आपटायची.

यंदा नवरात्रात तिने नेहमीप्रमाणे घट बसवला. पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू, मधोमध पाण्याने भरलेलं मडकं, वर रोज एक माळ. धान जसं उगवेल तसं घराचं वर्ष जातं, असं त्यांच्यात मानतात. म्हातारीने जाण्याआधी एकदा तरी आपल्याला नावाने हाक मारावी, एवढंच शालूने देवीकडे मागितलं होतं. हे तिने मला जिन्यात सांगितलं, सांगताना डोळे पुसले. मी म्हटलं, देवी काय मेंदूची डॉक्टर आहे का? माझं तोंडच असं आहे.

धान मात्र सुरेख आलं. बोटभर, पोपटी, दाट. शालू येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून दाखवायची.

सातव्या माळेला सकाळी टँकर आला. सासूजवळ मला बसवून शालू पाणी आणायला खाली गेली. आणि मी शहाणी, गॅसवर दूध ठेवलंय म्हणून दोन मिनिटं माझ्या घरात गेले. परतले तेव्हा शालू दारात उभी होती, दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या. वेणूबाई घटापुढे उकिडव्या बसल्या होत्या. सगळं धान मुळासकट उपटून, मुळांची माती झटकून, त्याच्या जुड्या त्यांनी बाजूला नीट लावून ठेवल्या होत्या. जन्मभर रानात तण काढलं, तसंच. मातीत एक काडी शिल्लक नव्हती.

"गवत लई माजलं हुतं," त्या समाधानाने म्हणाल्या.

शालूने कळश्या खाली ठेवल्या आणि सासूच्या थोबाडीत मारली.

म्हातारी रडली नाही. तिने हाताने गाल झाकला, मान खाली घातली आणि बारीक आवाजात म्हणाली, "चुकलं, आत्याबाई. पुन्हा न्हाई करायची. मला म्हायेरी धाडू नका."

आत्याबाई म्हणजे वेणूबाईंची सासू. तिला जाऊन पन्नास वर्षं झाली, पण तिचा हात किती चालायचा ते गावातली जुनी माणसं अजून सांगतात.

शालू तिच्यापुढे खाली बसली. मला त्या वेळी स्वतःची लाज वाटली, आणि शालूची फार दया आली. तिने म्हातारीचा मातीने भरलेला हात आपल्या हातात घेतला. "न्हाई धाडत," ती म्हणाली. "हितंच ऱ्हावा."

दसऱ्याला घटात नुसती माती होती. संभाजीच्या टोपीत खोवायला धान नव्हतं. शालूने तरी आरती केली. मी विचारलं, आता काय मागतेस?

"कायच न्हाई, काकू. आजच्या दिवस माझा हात उठू देऊ नको, एवढंच म्हणते. उद्याचं उद्या."

वेणूबाईंना त्या सकाळचं काही आठवत नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण रोज सकाळी त्यांची वेणी घालायला शालू फणी घेऊन हात वर करते, तेव्हा म्हातारी आधी गाल झाकते. शालू थांबते. गालावरचा तो हात आपणहून खाली येईपर्यंत थांबते, कधी पाच मिनिटं, कधी दहा, आणि मगच केसांना फणी लावते.