मावशीचं ‘बरं केलंत’

मावशी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आया आहे, बावीस वर्षं. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून डॉक्टर तिला रेडिओ म्हणतात. लंगोट बदलता बदलता ती बाळांना दम भरते, "दीड किलो वजन आणि मिजास पैलवानाची!" बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं जे डॉक्टरांना विचारू धजत नाहीत, ते मावशीला विचारतात. बाळाच्या श्वासाचं मशीन काढायला हो म्हणून आलेल्यांना ती म्हणते, "बरं केलंत, सुटलं बिचारं." नको म्हणणाऱ्यांनाही म्हणते, "बरं केलंत, आपल्या हातानं कशाला?" यात खोटेपणा आहे असं तिला कधी वाटलं नाही. ज्याचं त्याला पटलं, की झालं.

मग तिसऱ्या पेटीत तिच्या भाचीचीच मुलगी आली. जन्मताना मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. आठ दिवस झाले, श्वास नळीवर. सकाळी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ती बरी होणार नाही. नळी काढली तर फार तर दहा मिनिटं. ठेवली तर नुसते हाल लांबतील. दुपारपर्यंत विचार करून सांगा."

बाकावर जुंपली. भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "श्वास देवानं दिलाय. काढून घेणारे आपण कोण?"

"आई, श्वास मशीन देतंय," जावई, म्हणजे भाचीचा नवरा, म्हणाला. "देवालाच आपण दारात अडवून ठेवलंय."

मावशीला दोघांचंही पटलं. तीच तर पंचाईत.

"मावशी, तू सांग," भाची म्हणाली.

"तुम्ही ठरवाल ते बरंच—"

"थांब. आठ दिवस या बाकावर बसून सगळं ऐकतेय मी. परवा त्या शिंप्यानं नळी काढायला सांगितली, काल त्या शिक्षिकेनं ठेवायला. दोघांनाही तू बरं केलंत म्हणालीस. तुला स्वतःला काय वाटतं?"

 हे मावशीनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. "मला नाही गं माहीत," ती म्हणाली. "देवाशप्पथ नाही."

भाची उठून आत गेली. डॉक्टरांना म्हणाली, "काढा. पण माझ्या मांडीवर."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. मात्र बाळ मांडीवर आलं आणि भाचीला ते नीट धरता येईना, तिनं लेकीला कधी घेतलंच नव्हतं ना, तेव्हा त्याच पुढे सरसावल्या. "मान धर आधी. अशी." कपाळावरची आठी तशीच होती, पण मानेखालचा हात काही त्यांनी काढला नाही.

नळी निघाली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. तास उलटला. बाळ श्वास घेतच होतं. तुटक, मध्येच विसरल्यासारखं.

"बघितलंत?" सासूबाई पुटपुटल्या.

जावई पांढराफटक पडला. "म्हणजे आपण चुकलो?"

"कधी कधी असं होतं," डॉक्टर म्हणाले. "शेवट तोच आहे. कधी, ते मला सांगता येणार नाही. तिला दुखू देणार नाही, एवढं नक्की."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. ती एकाच लंगोटाची तिसऱ्यांदा घडी करत होती.

तेवढ्यात भाचीचा गाऊन पुढून ओला झाला. "मावशी, मला दूध येतंय," ती घाबरून म्हणाली. "काय करू मी?"

मावशीनं नर्सकडे पाहिलं. "तिला गिळता यायचं नाही," नर्स हळूच म्हणाली. "ओठांना लावा नुसतं."

मावशीनं भाचीचं बोट धरलं, त्यावर थेंब घ्यायला लावला आणि बाळाच्या ओठांवर टेकवलं.

"चोखलं का गं तिनं?"

मावशी खाली वाकली. ओठ हलल्यासारखे वाटले खरे. श्वासानंही हलले असतील.

"अजून एक थेंब लाव," ती म्हणाली. "नीट बघू दे मला."